गालाला लावलेलं कापड

"बोटं खोटं बोलतेत गा भाऊ, गालाले लावून पाहा." असं म्हणून मावशी बनियनचं कापड गालाला लावायच्या आणि डोळे मिटायच्या. मुकादम पुढ्यात घाई करत उभा असला तरी ते डोळे लवकर उघडत नसत.

हिंगण्याच्या त्या बनियनच्या कारखान्यात मी माल तपासायच्या टेबलावर होतो आणि मावशी कापड मऊ करायच्या हौदावर. विणून, धुऊन आलेलं कापड हाताला खरखरीत लागतं. मावशी पाण्यात एक पांढरं औषध कालवून त्यात ते बुडवायच्या. त्या औषधाला आम्ही सगळे 'दूध' म्हणायचो.

एकदा साहेब नवा टेरिलीनचा शर्ट घालून आले, तर मावशींनी त्यांची बाहीच गालाला लावली. "बोचते साहेब. उन्हाळ्यात नका घालू." साहेब पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने सुती शर्टात आले.

हौदावर नवी बाई आली की मावशींचा आवाज चढायचा. "काहून इतकं ओतून राहिली वं? जास्त मऊ केलं का कापड मरते." मग तुकडा ताणून सोडून दाखवायच्या. जिवंत कापड ताणलं तरी आपल्या जागी परत येतं. मेलेलं लोंबत राहतं आणि घामही पीत नाही.

मावशींचे यजमान कोराडीच्या वीज केंद्रात कोळशावर कामाला होते. छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्या अंगावरचं शेवटचं बनियन मावशींनी न धुता पेटीत ठेवलं होतं. पुढे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तान्ह्या बाळाला आधी कोरं कापड घालत नाहीत, घरातल्या मोठ्या माणसाचं वापरून मऊ झालेलं घालतात. मावशींनी ते बनियन काढलं. गेलेल्या माणसाचं कापड म्हणून शेजारणींनी नाकं मुरडली. मावशींनी ऐकलं नाही. "आज्याच्या नशिबी लेकरू पाहणं नाही. असं तरी अंगाशी घेतील," त्या मला म्हणाल्या.

पेटीत पडून बनियन कडक झालं होतं. पाळी संपताना मावशींनी ते धुतलं आणि हौदाशेजारच्या बादलीत दूध कालवलं. नेहमीच्या मापाने टाकलं, जरा थांबल्या आणि आणखी ओतलं. मग पुन्हा थोडं.

"मावशी, कापड मरेल ना!" मी हसत म्हणालो.

"तान्ह्याचं अंग हाय भाऊ," त्याही हसल्या.

वाळलं तेव्हा बनियन लोण्यासारखं झालं होतं. मावशींनी गालाला लावलं, डोळे मिटले आणि लगेच उघडले. पुन्हा लावलं. "यात ते नाही राहिले गा," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या घामाचा, कोळशाचा वास गेला होता. त्यांनी खांद्याशी धरून ताणलं आणि सोडलं. खांदे लोंबतच राहिले. दुसऱ्यांना आयुष्यभर जे करू नका म्हणून बजावलं, तेच स्वतःच्या हाताने झालं होतं. मावशी बादलीशेजारी बसून मोठ्याने रडल्या. मला त्या दुधाची किळस आली.

झबलं त्यांनी त्याचंच शिवलं. नातू झाला. त्याची लाळ झबल्यावर पडली की मुरत नसे, थेंब नुसता वर बसून राही. मावशी ते गरम पाण्यात धूत राहिल्या. "दूध निघन," म्हणायच्या, "पण ते कुठून येतीन?"

त्यानंतर त्यांनी कुठलंच कापड गालाला लावलं नाही. दोन बोटांनी चाचपायच्या आणि "चांगलं हाय" म्हणून पुढे ढकलायच्या. मी मात्र सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो. फार वाईट वाटायचं.

नातू चालायला लागला त्या हिवाळ्यात मावशी तापाने गेल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा लेक दारातच बसली होती.

"काका, आईनं शेवटी ते झबलं मागितलं," ती म्हणाली. "पोरानं घालून घालून पार झिजवलं होतं. तिनं गालाले लावलं. म्हणे, आता याले लेकराचा वास लागला वं. अन् डोळे मिटले."

दाराबाहेर निघालेल्या पोराला तिने ओढून मांडीवर घेतलं.

"आम्हाले वाटलं, आता उघडन, मग उघडन."