दोन इंच खाली

"दोन इंच लो पाहिजे म्हणजे पाहिजे," रोशन म्हणाला. त्याची काळी जर्मन सेडान आमच्या पनवेलच्या गॅरेजात लिफ्टवर चढवलेली होती. मी, म्हणजे गॅरेजचा सुपरवायझर, तिच्याखाली उभा राहून त्याला समजावत होतो. ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट.

गाडीचं वजन चार स्प्रिंगांवर असतं. गाडी खाली घ्यायची तर आखूड स्प्रिंगांचा तयार सेट मागवायचा. तो यायला तीन आठवडे. रोशनला तर चार दिवसांनी चुलतभावाच्या हळदीत गाडी मिरवायची होती. मग उरतो तो गावठी उपाय. ग्राइंडर लावून मूळ स्प्रिंगचाच एक वेढा कापायचा. कापलेला वेढा परत जोडता येत नाही. वर त्याला टायरही मोठ्या रिमचे हवे होते, ज्यांची रबराची भिंत जेमतेम चार बोटं असते. ती भिंत कमी झाली की प्रत्येक खड्डा थेट कमरेत.

कमरेचं मी मुद्दाम बोललो. रोशनचे वडील, धर्माकाका, तिकडे ऑफिसच्या दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक ठेवून बसले होते. जमीन सरकारात गेली, पैसे आले, त्यातून ही गाडी आली. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला होता. मी खुर्ची दिली तेव्हा म्हणाले, "अजून एक दे रं. डॉक्टरनं सांगलाय, खाली वाकून बसाचा नाय. सांदा निसटंल."

मी रोशनला बाजूला घेतलं. "अरे, गाडी एवढी खाली घेतली तर काकांना या सीटवरून उठता येणार नाही."

"मोरेभाऊ, ते टेन्शन तुम्ही नका घेऊ. आम्ही धरून बसवू. आणि बाबांना काही बोलू नका, उगाच कटकट करतील."

मी मालकांकडे गेलो. वाटलं, हे तरी नाही म्हणतील. कसलं काय!

"कस्टमर सही करतोय ना? मग रिमार्क मार आणि काम उरक. आपण नाही केलं तर शेजारचा करेल."

मी जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या कागदावर, इंग्रजीत लिहिलं: सीट खाली जाईल, घरात पेशंट आहे, कस्टमरला कल्पना दिली आहे. रोशनने न वाचता सही ठोकली. काका वॉकर टेकत रिक्षाकडे निघाले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बरी कर रं गाडी." मी मान हलवली.

स्प्रिंगा मीच कापल्या. चारही कोपरे सारखे, मिलिमीटरचा फरक नाही. काम फक्कड झालं होतं, आणि याचाच मला आज जास्त राग येतो.

हळद झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रोशन काकांना तपासणीला घेऊन गेला. परत आल्यावर घराच्या दारात उतरताना काकांचा सांधा निसटला. दोघांनी धरलं होतं, तरीही.

रोशन गॅरेजात आला तो ओरडतच. "जुन्या स्प्रिंगा बसवा, आत्ताच्या आत्ता." कुठल्या जुन्या? त्याच तर कापल्या होत्या. मूळ मापाच्या नव्या मागवल्या तर महिना. मग म्हणाला, तुम्ही सांगायला हवं होतं. मालकांनी जॉब कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. त्याने स्वतःची सही बघितली आणि तिथेच खाली बसला. तो गेल्यावर मालकांनी माझी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रविवारी मी हॉस्पिटलात काकांना भेटायला गेलो. दुसरं ऑपरेशन झालेलं, दोन पायांमध्ये जाड उशी बांधलेली. माझा दोष नाही, हे सांगायची मला कोण घाई.

"काका, मी रोशनला आधीच सांगितलं होतं. कार्डवर लिहिलंही होतं."

काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"लिवलास," ते म्हणाले. "मना कदी बोललास? मी तं तिथंच बसलो होतो."

जॉब कार्ड नीट भरलं की गॅरेज वाचतं, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो. काका नंतर कधी वॉकरशिवाय चालले नाहीत.