सुरुंगमामा दरीवरून उडाले तेव्हा

सुरुंगमामा कधी हळू बोललेच नाहीत. पनवेलजवळच्या दगडखाणीत चाळीस वर्षं सुरुंग लावून त्यांचा डावा कान गेलेला. विचुंबे गावातल्या घरी त्यांनी जेवताना मीठ मागितलं, तरी शेजारच्या आळीत कळायचं. माझ्या आईचे हे थोरले भाऊ. कुठलाही खडक दिसला की तळहाताने थोपटायचे आणि मला सांगायचे, "पयला थर बगायचा गो, मंग हात लावायचा."

खाण बंद पडली, पाठोपाठ मामी गेल्या आणि मामांचं बोलणंच आटलं. दिवसदिवस ओटीवर बसून राहायचे. मी नोकरीसाठी अमेरिकेत होते. हट्टाने त्यांना बोलावून घेतलं, तर तिथेही दहा दिवस सोफ्यावर मुके! शेवटी त्यांना गाडीत घातलं आणि थेट ग्रँड कॅन्यनला नेलं.

हेलिकॉप्टरमध्ये वजन पाहून जागा देतात. मामांना पुढची मिळाली, पायलटशेजारची, पायांपाशीसुद्धा काच. मी मागे. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, तोंडाशी माइक. बराच वेळ खाली नुसतं सपाट रान होतं. मामा मांडीवर हात ठेवून बसलेले. आणि एकाएकी जमीनच संपली! खाली मैलभर खोल दरी उघडली. तांबडी, पिवळी, जांभळी, नजर पुरणार नाही इतकी लांबवर.

"आयो! थर बग गो, थर!"

हेडफोनमधून कान फुटायची वेळ आली. पायलट दचकला, मग हसायला लागला. मामा थांबेचनात. बोटाने एकेक थर दाखवत होते, "ह्यो कच्चा, ह्यो पक्का!" मध्येच त्यांनी एका कड्याकडे हात केला. "तो ताजा पडलाय. रंग नाय चढला अजून."

मी ते पायलटला इंग्रजीत सांगितलं. तो चकितच झाला. तो कडा नुकताच, आठवड्यापूर्वी कोसळला होता. "हे भूगर्भशास्त्रज्ञ आहेत का?" त्याने विचारलं. मी मामांना प्रश्न समजावला.

"त्याला सांग, विचुंब्याचा हाय मी!"

खाली उतरल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "येवरा खडक कुनी फोडला?"

"नदीनं, मामा."

"सुरुंग नाय?"

"नाही. नुसत्या पाण्यानं."

"येकटीनं?" असं म्हणून ते हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मामी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

परतताना विमानतळावर म्हणाले, "परत बोलव. त्या नदीपातूर चालत जायचा हाय मना." तिकडे गावी जाऊन रोज सकाळी चालायचा सरावही सुरू केला. फोनवर किती चाललो ते सांगायचे. पण पुढच्या थंडीत एका सकाळी चालून आले, ओटीवर टेकले ते उठलेच नाहीत.

गेल्या महिन्यात मी ती दरी उतरले. पाय सोलपटले, पण नदीपर्यंत पोचले. पाण्यात दोन्ही हात घातले. पाणी थंडगार होतं, आणि ओढ अशी की हात मागे घेववेना.