माझ्या वाट्याचे चार दिवस

"घाल की वेणी. बघू दे समद्यास्नी."

दूध संस्थेचे चेअरमन खुर्चीत रेलून बोलले आणि चारा छावणीतली तीस-चाळीस माणसं माझ्या हातांकडं बघायला लागली. पुढ्यात माझी सात वर्षांची राधा, पाठमोरी बसवलेली. फणी चेअरमननीच कुणाकडून तरी मागवली होती.

यंदाच्या दुष्काळात संस्थेनं नांदूरघाटच्या माळावर छावणी घातली. दोन गाई घेऊन मी तिथंच पालात राहत होतो. बायको, सुमन, वर्षापूर्वीच माहेरी गेलेली. का गेली ते तिनं सांगितलं तर तुम्ही तिच्याच बाजूनं व्हाल, म्हणून ते राहू द्या. कोर्टानं विचारलं होतं: लेकरू आठवड्यात किती दिवस कुणाकडं असतं? दोघांनी लिहून आणा. त्यावरून दिवसही ठरतील आणि कुणी किती खर्च द्यायचा तेही. आता हे लिहायला मी अक्कलवंत कुणाकडं गेलो? चेअरमनकडं. छावणी त्यांची, तर न्यायही तेच करतील, असं वाटलं.

खरं तर सोपं होतं. सोमवार ते गुरुवार राधा माझ्याकडं. अंघोळ, डबा, उवा, ताप, शाळा, सगळं मी. उरलेले तीन दिवस सुमनकडं.

चेअरमननी सुमनलाही छावणीत बोलावून घेतलं. तिनंही तेच सांगितलं. "चार दिस त्यांच्याकडंच असती. येणी बी तेच घालत्यात."

"कावून बे," चेअरमन म्हणाले, "बाप्या हायस का बाई?"

मग ती फणी आली.

रोज चुटकीसरशी होणारी वेणी. त्या दिवशी बोटं लाकडाची झाली. भांग वाकडा गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "गाईच्या शेपटीला बी घाल बे एक!" माणसं लोळायची बाकी राहिली.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. वर म्हणालो, "न्हाई साहेब, ही कामं हिच्या आईचीच. माझ्याकडं नुसती हिंडायला येती."

राधानं मान वळवली. केस माझ्या हातातून निसटले. ती माझ्याकडं बघत राहिली.

"आवं, खोटं कावून बोलता?" सुमन म्हणाली. चेअरमननी तिला गप्प बसवलं.

कारकुनानं कागद केला. पोरगी सातही दिवस आईकडं. बापाकडं एकही नाही. चेअरमननी शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी चौथी शिकलोय, सही येते. पण विचारतो कोण? "लाव अंगठा. आन् पोरगी परत छावणीत दिसली तर तुझी जनावरं भायेर."

अंगठा शाईनं माखलाही होता. तो मी धोतरालाच पुसला.

"खोटं लिवलंय."

"तूच बोललास की रे!"

"मीच खोटं बोललो. लाज वाटली म्हणून."

त्याच दुपारी माझ्या गाई छावणीच्या बाहेर काढल्या. आता बांधावरची वाळली कुसळं चघळतात. एकीच्या बरगड्या मोजता येतात. राधा सोमवारी येते, पण केसांना हात लावू देत नाही. स्वतःच कशीतरी रिबीन गुंडाळते.

पुढच्या आठवड्यात केजच्या कोर्टात तारीख आहे. मी उभा राहणार. आधी माझं खोटं सांगणार, मग चार दिवस मागणार. अंघोळीपासून उवांपर्यंत एकेक काम मोठ्यानं सांगणार. कुणी हसलं तर थांबेन. त्यांचं हसून झालं की पुढचं काम सांगेन.