पुरणाची चव बघणारे माझे सासरे

पुरणाला चटका देताना ते उडतं. बारा वर्षं ऑर्डरच्या पुरणपोळ्या करते आहे, त्यामुळे मनगटापर्यंत भाजल्याचे डाग मला नवे नाहीत. पण त्या वर्षी, होळी दीड महिन्यावर आली असताना, पुरणाचा एक गोळा डाव्या पावलावर पडला आणि तो फोड काही केल्या भरेना. हळद झाली, मलम झालं. शेवटी नवऱ्यानं स्कूटरवर बसवून आमच्या बिबवेवाडीतल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जखम पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी मला दिवसभरात काय खाते ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. चार-पाच वेळा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. शिवाय पुरणाच्या प्रत्येक घाण्याची चव. गूळ कधी खारट निघतो, कधी जास्त गोड, त्यामुळे चव बघितल्याशिवाय पुरण खाली उतरवता येत नाही. पहिला चमचा अंदाजाला, दुसरा गूळ वाढवल्यावर, तिसरा वेलची-जायफळ घातल्यावर. सणाच्या दिवसांत असे आठ-दहा घाणे होतात. बाई माझं बोलणं ऐकत होत्या आणि मलाच हळूहळू कळत होतं, मी काय सांगते आहे ते.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, "साखर बंद, गूळ बंद, मधही नको. आणि ती चव बघणंसुद्धा बंद."

घरी येताना नवऱ्याचं म्हणणं होतं की या वर्षी ऑर्डर नकोतच घ्यायला. तो माझ्या काळजीनंच बोलत होता, पण मला ते लागलं. लोक फोन करून 'तुमच्याच हातच्या पाहिजेत' म्हणतात, ते ऐकायला मला आवडतं. गोड सोडायचं दुःख होतंच, पण चव न बघता पुरण करायचं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवण्यासारखं वाटत होतं.

आमच्या घरात चौथं माणूस म्हणजे माझे सासरे. मुलगी तेव्हा वाघोलीला कॉलेजच्या होस्टेलवर होती, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासऱ्यांनी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका शोधणं हाच त्यांचा धंदा, आणि निवृत्तीनंतरही तो बंद झाला नव्हता. माझ्या पोळीबद्दल बारा वर्षांत 'बरी आहे' यापलीकडे ते कधी गेले नाहीत. मी त्यांना घाबरत नव्हते, पण मनातलं त्यांच्याशी कधी बोललेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं डाळ शिजत घातली. एक जुनी ऑर्डर द्यायची राहिली होती. गूळ घालून ढवळत होते, तेवढ्यात सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात बशी.

"दे इकडे. बघतो."

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला या वयात गोड चालेल का? तर म्हणाले, "तोंड कडू आहे, पण रक्त गोड नाही. रिपोर्ट दाखवू का?"

मी चमचाभर पुरण त्यांच्या बशीत घातलं. त्यांनी ते फुंकून गार केलं, तोंडात घोळवलं आणि सांगितलं की गुळाला खार आहे, मीठ घालू नकोस. मी मीठ घालणारच होते. वेलची घातल्यावर पुन्हा बशी पुढे आली. "पोळी करते आहेस की अत्तर?" एवढंच बोलून ते बाहेर पेपर वाचायला गेले. त्या दिवशीची पोळी नेणाऱ्या बाईंचा संध्याकाळी फोन आला, की यंदा आणखीच छान झाल्यात.

असं आमचं सुरू झालं. होळीच्या आधीचे चार दिवस ते सकाळी सातला आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओट्याशी उभे राहायचे. स्टूल दिलं तरी बसायचे नाहीत. बसून लक्ष लागत नाही म्हणायचे.

माझं मात्र सोपं नव्हतं. पहिला आठवडा डोकं दुखायचं, कुणी काही बोललं की रडू यायचं. फिका चहा घोटभर प्यायचा आणि ओतून द्यायचा. एका दुपारी सगळे झोपले आहेत असं समजून मी साखरेचा डबा उघडला आणि उभ्या उभ्या दोन चमचे तोंडात टाकले. मागे वळले तर सासरे पाण्याचा तांब्या घ्यायला आलेले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी तांब्या भरला आणि ते निघून गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांचा चहा केला, नेहमीसारखा तीन चमचे साखरेचा. त्यांनी कप परत माझ्याकडे सरकवला. "उद्यापासून माझ्यातही साखर नको. गोड चहानं जिभेला पुरण नीट कळत नाही."

मी ते खरं मानलं. पंचाहत्तरीपर्यंत तीन चमचे साखर घेणारा माणूस पुरणाच्या चवीसाठी ती सोडू शकतो, असं वाटण्याइतके ते काटेकोर होतेच. मग हळूहळू त्यांच्या ताटातला शिकरणाचा वाडगा गेला, जेवणानंतरचा गुळाचा खडा गेला. नवऱ्यानंही मुकाट्यानं फिका चहा सुरू केला. साखरेचा डबा कधी वरच्या फळीवर गेला ते मला कळलंही नाही. गोड घरात उरलं ते फक्त पातेल्यात, लोकांसाठी, आणि सासऱ्यांच्या बशीत चमचाभर.

खरं काय ते मला वारज्याला कळलं. नवऱ्याच्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. पंगतीत जिलबी वाढत आली. माझ्या ताटावर मी हात आडवा धरला, तर यजमानीण आग्रह करू लागली, एका जिलबीनं काय होतंय म्हणून. मी अवघडून हसत राहिले. शेजारच्या ताटावरून सासऱ्यांचा आवाज आला.

"आमच्याकडे बंद आहे."

तिनं विचारलं, तुम्हालाही डायबिटीस का हो? ते म्हणाले, "नाही. पण घरातलं एक माणूस एकटं पथ्य करत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कोशिंबीर मागून घेतली आणि जेवत राहिले. मी मान खाली घालून भाताचा घास बराच वेळ चावत बसले.

पावलाची जखम चैत्र संपायच्या आत भरून आली. पावसाळ्यानंतरचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. गोळ्या चालूच आहेत, पथ्यही. पण आता ज्वारीची भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, आणि नुसतं दूधही. या चवी आधीही ताटात होत्याच, माझ्या जिभेला त्या ऐकू येत नव्हत्या.

रिपोर्ट घेऊन घरी आले तेव्हा सासरे गॅलरीत बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, सवयीप्रमाणे. मी म्हटलं, "बाबा, हे तुमच्यामुळे झालं."

"मी काय केलं? फुकट पुरण खाल्लं," ते म्हणाले, आणि कागद नीट चौघडी करून मला परत दिला. मग रस्त्याकडे बघत, "पोळी चांगली करतेस तू."

मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.