पायपेटीचा रविवार

श्रीरामपूरला एसटीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा कातडं आणि सरसच जास्त होता. बेलापूरजवळच्या एका खेड्यातल्या चर्चची पायपेटी (पायांनी भाता मारून वाजवायचा ऑर्गन) बरीच वर्षं मुकी होती. हंगामाच्या सणाला ती वाजली नाही तर भंगारात काढून कीबोर्ड आणायचा, असं मंडळीनं ठरवलं होतं. बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा मला नाद. बोलावणं येताच मोठ्या ऐटीत निघालो.

उसाच्या गाड्यांमागे रखडत टेम्पो पोचला. रूथबाईंनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि ताक पुढे ठेवलं. पेटी वाजवायच्या त्याच, पण आता गुडघ्यांमुळे त्यांना भाता मारवत नव्हता.

"माझी बोटं अजून चालत्यात," त्या म्हणाल्या. "पेटी गेली तर मी नुसती बाकावर बसनारी."

उंदरांनी भात्याची चाळण केली होती. शनिवारभर खपून मी नवं कातडं चढवलं.

रविवारी सणासाठी वेदीपुढे कणसं, कांदे, भोपळे रचले होते. मी पहिलं गीत धरलं आणि पेटी अशी खणखणीत बोलली की माझी छाती फुगली. पण दुसऱ्या ओळीलाच फाटाफूट झाली. मी पुढे, मंडळी मागे. तिसऱ्या ओळीला तर आमची ओळखच उरली नाही.

"म्हनलं हुतं न्हवं, हिचं काय खरं न्हाई," कीबोर्डच आणा म्हणणारे सॉलोमनदादा मागून म्हणाले. मला भयंकर राग आला. यांना तालच नाही, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

"भाऊ, तुमी थांबतच न्हाई," रूथबाई म्हणाल्या. "भाता फाटका हुता तवा वळ सपली की मी हवा भरायची, लोक थांबायचे. आता आमची चालच तशी झालीया."

म्हणजे माझा चांगला भाताच आडवा आला होता. मी स्टूल सोडलं.

"बाई, तुम्ही वाजवा. भाता माझ्याकडे."

त्या बसल्या. मी शेजारी जमिनीवर बसकण मारून भात्याच्या पायट्या हातांनी दाबू लागलो. ओळ संपली, त्यांची बोटं थांबली, सगळं चर्च थांबलं. मग सगळ्यांनी मिळून पुढची ओळ अशी उचलली की पत्रे थरथरले. सगळ्यात मोठा आवाज सॉलोमनदादांचा होता. मला अतोनात आनंद झाला.

"कीबोर्डाचं राहू द्या," गीत संपल्यावर दादा म्हणाले. "पन भाता मारायला मानूस लागंल."

"तुमीच या की," रूथबाई म्हणाल्या. पुढच्या गीताला दादा माझ्या जागी जमिनीवर बसले.

पुण्यात परतलो तरी माझे खांदे ठणकत होते. आता घरी पेटी वाजवताना ओळ संपली की माझा हात आपोआप थांबतो. बायको विचारते, अडलं का? मी म्हणतो, नाही, मंडळी येतायत.