घर्षण नाही असं समजा

बाई शाळेत बल आणि गती शिकवायच्या, आणि पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं घर्षणबाई. का, तर फळ्यावर कुठलंही गणित घातलं की आधी म्हणणार, "घर्षण नाही असं समजा." मग खोका उतारावरून घसरायचा, कप्पीवरून वजन खाली यायचं, सगळं कसं शहाण्यासारखं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो थट्टेनं म्हणे, "हिला कपाट सरकवायला सांगा, आधी बाण काढून दाखवेल." पण कपाट सरकायचं, हेही खरं.

एका सकाळी नवऱ्याची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं; उरला एकच शब्द, "नको." माणूस मूळचाच अंगानं भरलेला, आणि बाई म्हणजे फुंकर मारली तर उडतील. त्याला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना दोघं धाडकन आपटली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली. लेकीला कळलं, ती तडक आली.

"आई, हट्ट पुरे आता. बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू. तुझंही काही मोडलं तर मी कुणाकुणाला बघू?"

"रविवारी ये," बाई म्हणाल्या. "मी एकटी यांना खुर्चीत घेऊन दाखवते. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं."

हार मानेल ती बाई कसली! लांब वासा घेतला, खाली टेकू दिला, नवऱ्यासकट पलंगाचा एकेक पाय उचलून विटा सारल्या. पलंग खुर्चीपेक्षा उंच झाला. मधे गुळगुळीत फळी टाकली, तिला अंगाची पावडर चोळली. पलंगावरच डब्याडब्यानं वाळू ओतून नवऱ्याच्या वजनाची गोणी भरली. उतार कमी, गोणी हलेना. उतार जास्त, गोणी सुसाट. शेवटी कोन बरोबर बसला. एका बोटानं ढकललं आणि गोणी सरसर जाऊन खुर्चीत धप्पकन बसली. बाईंनी चक्क टाळी वाजवली. नवरा पलंगावरच भिंतीच्या बाजूला पडल्यापडल्या सगळं बघत होता. त्याच्याकडे मात्र बाईंनी पाहिलं नाही.

रविवारी लेक दारात उभी राहिली. बाईंनी नवऱ्याला फळीच्या टोकाशी आणलं.

"अहो, तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं."

त्यानं उतार पाहिला, खाली खुर्ची पाहिली, आणि डाव्या हातानं पलंगाची लोखंडी दांडी गच्च धरली. "नको."

"अहो, सोडा ना."

"नको."

बाईंनी ओढलं. त्यानं आणखी घट्ट धरलं. एवढेएवढे स्क्रू फिरवण्यात जन्म गेलेला डावखुऱ्याचा हात तो, ऐकतोय होय! बाईंचा तोल सुटला. "तुमच्यासाठीच मरमर मरतेय ना मी? एवढंसुद्धा करवत नाही?" असं ओरडल्या आणि त्याचे डोळे भरून आले. पावडरीनं पांढऱ्या झालेल्या हातांनी बाई खाली बसल्या. इतकी वर्षं फळ्यावर खोके घसरवले, पण एकाही खोक्यानं कधी भिऊन काही धरलं नव्हतं.

"घाबरलेत गं ते," त्या लेकीला म्हणाल्या. "माझ्या ध्यानीमनीही नव्हतं हे."

लेक शेजारी येऊन बसली. तिनं आईच्या हातांवरची पावडर पुसली. म्हणाली, "उद्या गाडी बोलावते."

दुसऱ्या दिवशी केंद्राचे दोन दणकट गडी आले. त्यांनी चादरीत धरून "हं, उचल" म्हणत त्याला अलगद खुर्चीत ठेवलं. फळी भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची दाराशी आली तेव्हा नवऱ्यानं बाईंचं मनगट पकडलं.

"नको."

गडी थांबले. लेकीनं तोंड फिरवलं. बाईंनी आधी दुसऱ्या हातानं त्याचा हात थोपटला, "येते हं मी रोज" म्हणाल्या, पण पकड काही सुटेना. ती कशी सोडवायची ते त्यांना ठाऊक होतं. चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. मनगट अंगठ्याकडे वळवायचं, की झालं. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग त्यांनी मनगट वळवलं. त्याचा हात लगेच निघाला. जोर लावावाच लागला नाही.