गाळलेली पायरी

आमच्या रुग्णालयात संगणकाचं काम बघणाऱ्या माणसाला झाडूवालीपासून अधीक्षकांपर्यंत सगळेच भावजी म्हणायचे. मूळ हक्क एकाच बाईचा. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. "अहो भावजी, प्रिंटर पुन्हा रुसलाय," असं तिने फोनवर म्हटलं की ते तळघरातल्या खोलीतून जिना चढून वर यायचे. ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. एकदा खुद्द अधीक्षक भर बैठकीत म्हणाले, "भावजींना बोलवा," आणि स्वतःच चपापले.

वहिनीचा नवरा आमच्याच नोंदणी कक्षात टंकलेखक होता. एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला आणि परत उठला नाही. त्याच्या जागी वहिनीला घेतलं. टाइपिंग तिला त्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या टाइपरायटरवर. त्यामुळे मराठी अक्षरांच्या ज्या जागा तिला पाठ होत्या त्या टाइपरायटरच्या काळातल्या. संगणक आले तरी भावजींनी त्यात तोच जुना कीबोर्ड, म्हणजे अक्षरांची तीच जुनी मांडणी, घालून ठेवला होता. वहिनी खिडकीकडे बघत टाइप करायची. बोटं आपली आपण धावायची.

भावजींनी लग्न केलं नाही. वहिनीच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे, पुतणीच्या शाळेच्या वेळा त्यांना पाठ असायच्या. लोक काय, बोलायचं ते बोललेच. भावजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तसेही ते मोजकंच बोलायचे.

एका विषयावर मात्र ते खुलायचे, तो म्हणजे इमेज. रुग्णालयभर एवढे संगणक, एकेकात सगळं घालत बसलं तर जन्म जाईल. म्हणून ते एकच मशीन घ्यायचे आणि ते जिवापाड सजवायचे. आधी ऑपरेटिंग सिस्टीम, मग प्रिंटर, अक्षरं, प्रयोगशाळेचा प्रोग्राम, सगळं. "आता ह्याची ओळख पुसायची," ते मला एकदा समजावत होते. "प्रत्येक मशीनला आतून स्वतःचा एक नंबर असतो. तो आधी पुसायचा, मग सबंध डिस्कची प्रत काढायची. ती इमेज. साच्यातून विटा पाडतात तशी मग बाकीची मशीनं. पहिल्यांदा सुरू झालं की जो तो आपापला नंबर घेतो."

"आणि पुसला नाही तर?"

"तर सगळी मशीनं स्वतःला एकच समजतात," ते हसून म्हणाले. "गोंधळ."

नवी सिस्टीम आली त्या वर्षी वरून हुकूम निघाला की यापुढे टाइपिंग नव्या कीबोर्डवर. अक्षरांच्या जागा पार बदललेल्या. आम्हाला एका हॉलमध्ये बसवून शिकवायला एक बाई आली. पुढे चाचणी होणार होती. जमणार नाही त्याला दुसरं काम. मी रडतखडत शिकत होते. वहिनी पहिल्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली. नेमके त्याच वेळी भावजी वायर जोडायला हॉलमध्ये आले. त्यांनी ते पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं, फार उशिरा. नव्या इमेजमध्ये त्यांनी जुना कीबोर्डही घातला. वहिनीपुरता घालता आला असता, पण एकाच मशीनवर दिसला असता तर बोट तिच्याकडे गेलं असतं. सगळीकडे असला की कोणाच्या नजरेत येत नाही. अडचण एवढीच की ओळख पुसण्याची पायरी आली की तो कीबोर्डही पुसला जायचा. त्यांनी परत परत करून पाहिलं. इकडे अधीक्षकांचा तगादा, मशीनं कधी सुरू होणार. शेवटी त्यांनी ती पायरी गाळली, तशीच इमेज काढली, सगळीकडे ओतली आणि मशीनांची नावं हाताने बदलली. दोन-चार वॉर्डांत फिरून पाहिलं. सगळं ठीक चाललं होतं.

प्रयोगशाळेचा प्रोग्राम मात्र नावाकडे बघत नव्हता. कुठला रिपोर्ट कुठल्या वॉर्डात पाठवायचा हे तो मशीनच्या आतल्या नंबरावरून ठरवायचा. आणि आता सगळ्यांचा नंबर एकच होता.

बरेचसे घोटाळे परिचारिकांनी पकडले. भलत्याच पेशंटचा रिपोर्ट दिसला की फोन करायच्या, ओरडायच्या, दुसरा मागवायच्या. पण त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर आणि खालच्या मजल्यावर एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका होत्या. दोघींच्या गाठीचा तुकडा तपासणीला गेलेला. वरची निवृत्त शिक्षिका होती, खालची शिवणकाम करणारी, दोन लहान मुलांची आई. रिपोर्ट अदलाबदल होऊन आले. शिक्षिकेला सांगितलं गेलं की गाठ वाईट आहे. तिने तो दिवस मुलांना फोन करण्यात घालवला. शिवणकामवालीला सांगितलं, काही नाही, जा घरी. ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून हसत गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हे आम्हाला नंतर सांगितलं. तिने त्याला म्हणे हात केला होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना शंका आली, आणि शिवणकामवालीला परत बोलावणं गेलं.

भावजी तेव्हा आमच्याच कक्षात एका मशीनपुढे वाकून बसले होते. तिचा नवरा फाईल छातीशी धरून दारात उभा राहिला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, चूक कॉम्प्युटरची झाली, कॉम्प्युटरवाले तिथे आहेत. मला वाटलं आता हा हात उगारणार. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, दुरुस्त झालं का?"

"झालं," भावजी म्हणाले.

"म्हणजे एकदा बदललाय रिपोर्ट. अजून एकदा बदलू शकतो ना? नीट तपासलंत तर?"

भावजी उठून उभे राहिले. "नाही हो," ते म्हणाले. "आता नाही बदलणार."

तो मान हलवत राहिला, जणू पत्ता सांगितला आहे आणि तो लक्षात ठेवायचा आहे. मग वहिनीने उठून त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाने उपचारात काही फरक पडला नाही. ते खरंच असेल. भावजींनी मात्र समितीपुढे एकच वाक्य धरून ठेवलं, "पायरी राहून गेली, चूक माझी." का राहिली, हे कुणी काढू शकलं नाही. त्यांच्याकडून इमेजचं काम काढून घेतलं आणि त्यांना सामानाच्या गोदामात टाकलं.

वहिनीला कुणी सांगायची गरज पडली नाही. मशीनमध्ये जुना कीबोर्ड दिसला त्या दिवशी तिला आनंद झाला होता, मला कोपराने ढोसून दाखवलाही होता. भावजी पायरी विसरणारे नव्हेत हेही तिला माहीत होतं, त्यावरून तिने ताडलं. जेवणाच्या सुट्टीत भावजी डबा घेऊन आले तेव्हा तिने तो उघडूच दिला नाही.

"भावजी, तो कीबोर्ड माझ्यासाठी घातलात?"

"सगळ्यांसाठी होता."

"सगळ्यांना काय करायचाय? माझ्याशिवाय कुणाला येतो तो?"

त्यांनी डबा जरा बाजूला सरकवला.

"मला विचारलंत? एका शब्दाने?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एक दिवस हात मांडीवर ठेवून बसले, तर तुम्ही ठरवून टाकलंत, हिला जमणार नाही. मला शिकता आलं असतं. महिना लागला असता, दोन लागले असते. ती बाई स्कूटरवरून हसत घरी गेली, भावजी. ते आता माझ्या पदरात घातलंत तुम्ही."

"वहिनी, तुमचा ह्यात काही दोष—"

"तेच तर! तुम्हीच सगळं ठरवता. दोष कुणाचा तेसुद्धा."

मी डब्यात डोकं घालून बसले होते. भावजी उठले आणि गोदामाकडे निघून गेले. डबा टेबलावरच राहिला. संध्याकाळी वहिनीने तो न उघडताच पिशवीत टाकला.

नवी इमेज बाहेरच्या कंपनीकडून आली आणि जुना कीबोर्ड गेला. वहिनी शिकली. रोज सुट्टीत बसायची, चुकायची, दातओठ खाऊन पुसायची. चाचणीत काठावर पास झाली. खिडकीकडे बघत टाइप करणं मात्र पुन्हा जमलं नाही. आता नजर बोटांवर असते.

शिवणकामवाली पुढच्या वर्षी गेली. तिच्या मृत्यूची नोंद वहिनीने केली. माझ्याकडे दे म्हटलं तर दिली नाही. नवरा समोर बसला होता, धाकट्याला मांडीवर घेऊन. त्याने तिला ओळखलं नाही.

भावजींनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाले. गोदामाच्या पायऱ्यांवर त्या दिवशी त्यांनी मला हे सगळं सांगितलं, एका दमात, नि मग म्हणाले, "तिला सांगू नका मी बोललो ते." मी सांगितलं नाही. आता ते घरीच असतात, वरच्या खोलीत. पुतणी शिकायला परगावी गेली आहे. वहिनी सकाळी निघताना त्यांचं ताट झाकून ठेवते, संध्याकाळी रिकामं, धुतलेलं ताट तिला ओट्यावर मिळतं. मी एकदा विचारलं, बोलता की नाही तुम्ही दोघं?

"बोलतो की," ती म्हणाली. "पाणी आलं का, गॅस संपला का. लागतं तेवढं बोलतो."